पिस्तूल अडकलं की आधी हात थांबवा: .२२ स्पोर्ट पिस्तुलाचा बिघाड रेंजवर कसा शोधायचा

प्रश्न असा आहे: २५ मीटरसाठी .२२ एलआरचं सेमी-ऑटोमॅटिक स्पोर्ट पिस्तूल. सुरुवातीला छान चाललं. गेल्या महिन्यापासून ५० राऊंडच्या एका डबीत तीन-चार वेळा अडकतं. कधी ट्रिगर दाबला की नुसतं ‘टक्’, कधी रिकामी पुंगळी (झाडलेल्या काडतुसाचं पितळी कवच) बाहेर पडण्याच्या खिडकीत उभी अडकलेली, कधी पुढचं काडतूस अर्धवट आत. एक जण सांगतो ॲम्युनिशन बदल, दुसरा सांगतो स्प्रिंग बदल. नेमकं काय करायचं?

आत्ताच काहीही बदलू नका. तुम्ही दिलेली लक्षणं तीन वेगळ्या बिघाडांची असू शकतात आणि एकाच मळलेल्या पिस्तुलाचीही असू शकतात. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि पिस्तूल चालू लागलं, तर कशामुळे चाललं ते कळणार नाही, आणि महिन्याभराने पुन्हा इथेच याल. पिस्तूल अडकतं त्या क्षणी कारण बहुतेक वेळा डोळ्यांसमोर असतं. आपणच घाईने बोल्ट (काडतुसाला मागून अडवणारा सरकता भाग) खेचतो, काडतूस उडून जमिनीवरच्या शंभर पुंगळ्यांत मिसळतं आणि पुरावा गेला.

आधी हे पिस्तूल चालतं कसं ते पाहू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. यात बोल्टला कुलूप नसतं; या रचनेला ब्लोबॅक म्हणतात. दारू पेटली की वायूचा दाब पुंगळीला मागे रेटतो, पुंगळी बोल्टला रेटते. बोल्टचं वजन आणि रिकॉइल स्प्रिंग एवढंच त्याला धरून ठेवतं. गोळी जेमतेम २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३०० मीटरच्या आसपास. या तुटपुंज्या ताकदीत पुंगळी बाहेर काढायची, फेकायची, फायरिंग पिनवर आपटणारा हॅमर ताणायचा, स्प्रिंग दाबायची आणि परत येताना मॅगझीनमधलं पुढचं काडतूस उचलून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या पोकळीत, घालायचं. शिल्लक ताकद फारशी उरतच नाही. म्हणून ९ एमएमच्या सर्व्हिस पिस्तुलाला ज्या घाणीचं काही वाटत नाही, त्याच घाणीने .२२ रुसून बसतं.

आता अडकण्याचा क्षण. ट्रिगरवरून बोट बाहेर. नळीचं तोंड टार्गेटकडेच. पिस्तूल वळवून खिडकीत काय अडकलंय ते बघायला जाऊ नका. हा मोह सगळ्यांना होतो, आणि सगळ्यात धोकादायक तोच. मोकळा हात वर करून रेंज ऑफिसरला कळवा. नुसतं ‘टक्’ झालं असेल तर किमान ३० सेकंद तसंच धरून थांबा. तुमच्या रेंजचा नियम ६० सेकंदांचा असेल तर ६०. काडतूस उशिरा पेटण्याची शक्यता फार कमी असते, पण बोल्ट उघडा असताना ते पेटलं तर पितळी पुंगळी फुटून तुकडे थेट तोंडाकडे येतात. चष्मा डोळ्यांवर हवा तो यासाठी.

वाट पाहून झाल्यावर आधी मॅगझीन बाहेर, मग बोल्ट मागे. हा क्रम उलटा करू नका. मॅगझीन आत ठेवून बोल्ट खेचला की अडकलेल्या काडतुसाच्या पाठीमागे दुसरं येऊन बसतं आणि एकाचे दोन होतात. बोल्ट मागे घेताना दुसरा हात पुंगळी बाहेर पडण्याच्या खिडकीवर झाकून धरू नका; काडतूस तळहातात पकडायची काहींना सवय असते, ती सोडा. .२२ मध्ये पेटणारं मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या कडेच्या आत असतं. ती कड इजेक्टरवर (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) किंवा बोल्टच्या काठावर नेमकी आपटली तर हातातच पेटू शकते. ते चटईवर पडू द्या आणि मग उचला. चेंबरमध्ये नजर टाका, सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामं असल्याचं दाखवणारी पट्टी) घाला, आणि मगच पिस्तूल टेबलावर.

चित्रपटांत आणि पोलीस प्रशिक्षणाच्या व्हिडिओंत मॅगझीनच्या बुडाला थाप मारून स्लाइड झटक्यात खेचतात. त्यांची गरज वेगळी आहे. इथे ती सवय लागली तर स्पर्धेत थेट गुण जातात. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ) नियमांनुसार बिघाड ‘ग्राह्य’ किंवा ‘अग्राह्य’ ठरतो. रेंज ऑफिसरने तपासण्याआधी तुम्ही बोल्टला, यंत्रणेला किंवा सेफ्टीला हात लावला, तर पिस्तुलात खरोखर दोष असला तरी तो अग्राह्य, आणि न झाडलेल्या शॉटला शून्य. सेफ्टी काढायची राहिली, पाचऐवजी चारच राऊंड भरले, मॅगझीन नीट बसलं नव्हतं, किंवा आधीच्या शॉटनंतर ट्रिगर पूर्ण पुढे सोडला नाही, हे सगळंही अग्राह्यच. शेवटचं कारण रॅपिडमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या झटपट शॉटच्या टप्प्यात, वरचेवर दिसतं. ३ सेकंदांत हात वर आणून एक शॉट, मग ७ सेकंदांची विश्रांती; त्या दडपणात बोट ट्रिगरवर किंचित दाबलेलंच राहतं, ट्रिगर पुढच्या शॉटसाठी सज्ज होत नाही आणि नेमबाजाला वाटतं पिस्तूल बिघडलं. म्हणून सरावातसुद्धा पकड न सोडता हात वर करण्याचीच सवय ठेवा.

आता शोध. एक छोटी वही घ्या आणि तुमच्या सगळ्या मॅगझीनांवर नेलपॉलिशने १, २, ३ असे आकडे घाला. दर वेळी अडकलं की पाच गोष्टी लिहा: कोणतं मॅगझीन, त्यातला कितवा राऊंड, काय दिसलं, काडतुसाच्या डबीवरचा लॉट नंबर, आणि शेवटच्या साफसफाईपासून झालेले राऊंड. प्रत्येक मॅगझीनमधून ५० राऊंड, म्हणजे पाच-पाचच्या १० भरण्या. १५० राऊंडांत चित्र स्वच्छ होतं. अडकण्याच्या सगळ्या नोंदी २ नंबरपुढेच असतील तर स्प्रिंग बदलून काय होणार?

कितवा राऊंड हे फार बोलकं असतं. नेहमी पहिलाच अडकत असेल तर दोष बहुधा हाताचा: बोल्ट मागे खेचून सोडून देण्याऐवजी बोटांनी धरून हळूच पुढे आणला जातो आणि त्याला काडतूस ढकलायला जोर उरत नाही. पूर्ण मागे खेचा आणि मोकळा सोडा. शेवटचा किंवा शेवटून दुसरा अडकत असेल तर मॅगझीनची स्प्रिंग पाहा. मॅगझीन जवळपास रिकामं असतं तेव्हा स्प्रिंगचा दाब सगळ्यात कमी असतो, आणि मळामुळे फॉलोअर (काडतुसं वर ढकलणारा मॅगझीनमधला तुकडा) चिकटत असेल तर काडतूस वेळेत वर येत नाही. मधलेच राऊंड अधूनमधून अडकत असतील तर भरण्याची पद्धत तपासा. .२२ च्या काडतुसाला बाहेर आलेली कड असते, आणि वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे असावी लागते. ती मागे राहिली तर बोल्ट पुढे ढकलताना दोन्ही कडा एकमेकींत अडकतात. भरताना प्रत्येक काडतूस मागे सरकवून बसवा, आणि फॉलोअरचं बटण खाली दाबून पाचही राऊंड एकदम टाकू नका.

आता ‘टक्’. न उडालेलं काडतूस उचला आणि कड उजेडात धरा. कडेवर फायरिंग पिनने पाडलेली छोटी आयताकृती किंवा गोल खूण दिसेल. याच पिस्तुलातून नीट उडालेल्या दोन-तीन पुंगळ्या शेजारी ठेवा. खूण त्यांच्याइतकीच खोल असेल तर पिनने आपलं काम केलंय आणि दोष काडतुसाचा. पेटणारं मिश्रण ओलं असताना घुमवून कडेत पसरवतात. एखाद्या काडतुसात कडेचा थोडा भाग मिश्रणाविना राहतो आणि पिन नेमकी तिथेच पडते. सरावात, रेंज ऑफिसरच्या परवानगीने, ते काडतूस १८० अंश फिरवून एकदा पुन्हा लावता येतं. बहुतेक वेळा उडतं. दोन ठिकाणी खोल खूण होऊनही उडालं नाही तर ते मेलेलं समजा. डबीत एखादं असं निघालं तर मनावर घेऊ नका. एकाच लॉटच्या दोन डब्यांत चार-पाच निघाली तर तो लॉट सरावालाही नको.

खूण उथळ असेल तर मात्र दोष पिस्तुलात. यात एक बारीक फरक आहे जो बरेच जण चुकवतात. तेच काडतूस न फिरवता पुन्हा बोल्ट लावून मारलं आणि उडालं, तर पिनपेक्षा चेंबरवर संशय घ्या. काडतूस पूर्ण आत बसलंच नव्हतं. पहिल्या आघाताची ताकद त्याला आत ढकलण्यात गेली, कड चिरडली गेली नाही. चेंबरच्या तोंडाशी मेण, शिसं आणि काजळीचा एक कडा जमतो, तोच अडवतो. दोन्ही वेळा उथळच खूण आली तर फायरिंग पिनच्या वाटेत तेल आणि काजळीचं लुकण झालंय, पिनचं टोक झिजलंय किंवा हॅमरची स्प्रिंग थकलीय. पिनची वाट कोरडी असायला हवी. तिथे तेलाचे थेंब सोडणं ही नेमबाजांची आवडती चूक आहे. तेल काजळी धरून ठेवतं आणि थंडीत घट्ट होतं.

खूण खोल पण एका बाजूला सरकलेली, आणि त्याच जागी चेंबरच्या काठावर बारीक खाच दिसत असेल, तर कोणीतरी रिकाम्या चेंबरवर ट्रिगर मारत आलंय. .२२ मध्ये पिन कडेच्या दिशेने येते. काडतूस नसेल तर काही पिस्तुलांत ती थेट चेंबरच्या काठावर आदळते आणि तिथलं पोलाद आत दुमडतं. मग काडतूस आत जाताना अडतं आणि पुंगळी बाहेर येताना खरवडते. बऱ्याच मॅच (स्पर्धेच्या) पिस्तुलांत ड्राय फायरसाठी, म्हणजे काडतुसाविना ट्रिगरच्या सरावासाठी, वेगळी सोय असते, ती वापरा. नसेल तर प्लॅस्टिकचं डमी काडतूस. भिंतीत स्क्रूसाठी ठोकतात ते पिवळे प्लॅस्टिकचे गट्टू काही जण घालतात, कारण ते जवळपास मापात बसतात आणि रुपया-दोन रुपयांत येतात. चालतात, पण दोन-चार वेळा मारल्यावर फेका. खाच पडलेल्या जागी पिन आली की गट्टू असून नसल्यासारखा.

काडतूस अर्धवट अडकलं असेल तर त्याचं नाक कुठे टेकलंय ते पाहा. नाक खाली, रॅम्पवर (चेंबरकडे चढणारा उतार) रुतलेलं असेल तर मॅगझीनची स्प्रिंग कमजोर आहे, मॅगझीन पूर्ण वर बसत नाही किंवा रॅम्पवर शिशाचा थर आहे. नाक वर, चेंबरच्या वरच्या काठाला टेकलेलं असेल तर मॅगझीनचे ओठ, म्हणजे वरच्या दोन वळवलेल्या पट्ट्या, फाकले आहेत आणि काडतूस वेळेआधी सुटतंय. मॅगझीन काँक्रीटवर पडलं की हे होतं. ओठ मोजायला मिलिमीटरची पट्टी उपयोगाची नाही. व्हर्नियर घ्या, चांगल्या मॅगझीनचं पुढचं-मागचं अंतर मोजा आणि संशयिताचं त्याच दोन ठिकाणी मोजा. पक्कडने दाबून सरळ करायचा मोह आवरा. जास्त दाबलं तर काडतूस सुटतच नाही, आणि पत्रा दोन-तीनदा वाकवला की चिरतो. नवं मॅगझीन महाग आहे, हे खरं. तरीही स्पर्धेत आत न गेलेल्या राऊंडपेक्षा स्वस्त.

रिकामी पुंगळी खिडकीत उभी राहणं म्हणजे बोल्ट पुरेसा मागे गेला नाही, किंवा गेला पण पुंगळी बाहेर फेकली गेली नाही. पहिल्यात ताकद कमी पडली: काडतूस कमजोर, बोल्टच्या वाटेत घाण, तेल वाळलेलं, किंवा लाकडी ग्रिपचा अंगठ्याचा टेकू इतका वर आणलेला की अंगठा बोल्टला घासतो. पिस्तूल नवीन ग्रिप बसवल्यापासून अडकू लागलं असेल तर बोल्टच्या बाजूवर खडूची रेघ ओढा, पाच राऊंड झाडा, खडू कुठे पुसला ते बघा. सैल मनगटानेही असं होतं. पिस्तूल हातासकट मागे जातं आणि बोल्टला ढकलायला टेकू राहत नाही. हे नवख्यांमध्ये आणि सरावाच्या शेवटच्या अर्ध्या तासात दिसतं. शंका असेल तर तेच मॅगझीन, तोच लॉट, पण पिस्तूल तुमच्या कोचच्या हातात. त्यांच्याकडे चाललं तर स्प्रिंग मागवू नका.

पुंगळी बाहेर येते पण फेकली जात नाही, असं असेल तर इजेक्टर वाकलाय का आणि एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली घाण भरलीय का पाहा. इथे एक गंमत आहे. ब्लोबॅक पिस्तुलात उडालेली पुंगळी वायूच्या जोरावरच मागे येते. एक्स्ट्रॅक्टरचं काम तिला इजेक्टरपर्यंत धरून ठेवण्याचं. म्हणून झिजलेला एक्स्ट्रॅक्टर बरेच दिवस लपून राहतो. त्याची परीक्षा न उडालेल्या काडतुसाने होते: हाताने बोल्ट खेचल्यावर ते चेंबरमधून येत नसेल आणि उडालेल्या पुंगळ्या मात्र येत असतील, तर नख बदलायची वेळ झाली. अडकलेलं जिवंत काडतूस चाकूने किंवा स्क्रूड्रायव्हरने कधीही उकरू नका, नळीतून रॉड घालून ठोकूही नका. ते आर्मररकडे (शस्त्रं दुरुस्त करणारा), नळी टार्गेटकडे ठेवून.

दोन प्रसंगांत शोध वगैरे काही नाही, लगेच थांबायचं. एक, आवाज नेहमीपेक्षा फुसका आला, झटका जाणवला नाही आणि टार्गेटवर छिद्र नाही. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागून दुसरी सोडली तर नळी फुगते. रॅपिडमध्ये पुढचा शॉट ३ सेकंदांत मारायचा असतो, तरी हात थांबलाच पाहिजे. अडकलेली गोळी पितळी रॉडने आर्मररच काढेल. दोन, एका ट्रिगरला दोन शॉट गेले. हॅमर पकडणारी सीअरची धार झिजलीय किंवा कोणीतरी ट्रिगर फार ‘गोड’ करायला गेलंय. २५ मीटर पिस्तुलाला ट्रिगरचं वजन किमान १००० ग्रॅम लागतं. तपासणीच्या वजनावर जेमतेम पास व्हावा म्हणून स्क्रू फिरवत बसलं की सीअरची पकड केसाएवढी उरते. हे पिस्तूल त्या दिवशी परत भरू नका.

इथेच एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण एमआयडीसीच्या गावांत हा सल्ला हमखास मिळतो: ‘पिन ना? लेथवाल्याकडून करून घे.’ नको. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्राच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. शिवाय पिन थोडी लांब झाली तर चेंबरचा काठ जातो, थोडी आखूड झाली तर ‘टक्’ पुन्हा सुरू. कंपनीचाच सुटा भाग, परवानाधारक आर्मररकडून.

तुमच्या लक्षणांकडे येऊ. एकच पिस्तूल तीन तऱ्हांनी अडकतंय आणि सुरुवात हळूहळू झालीय. माझा पहिला संशय घाणीवर, दुसरा ॲम्युनिशनवर, स्प्रिंगचा नंबर तिसरा. उन्हात उभ्या गाडीत डब्या राहिल्या असतील तर गोळीवरचं मेण वितळून पुंगळीवर येतं. बोटाला चिकट लागलं की समजायचं. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात उलट त्रास: दमट हवा, मॅगझीनच्या पोलादावर बारीक गंज, आणि तो लागू नये म्हणून मारलेला स्प्रे सगळीकडे झिरपलेला. तो स्प्रे मॅगझीनमधून काडतुसाच्या तोंडातून दारूपर्यंतही पोचू शकतो. डब्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, आणि मॅगझीन आतून कोरडंच.

साफसफाई अशी. पिस्तूल रिकामं, चेंबर डोळ्याने आणि बोटाने तपासलेलं. मॅगझीन उघडून फॉलोअर, स्प्रिंग आणि आतली भिंत कोरड्या कपड्याने पुसा. बोल्टचा चेहरा आणि एक्स्ट्रॅक्टरचं नख नायलॉन ब्रशने. नखाखालचा काळा वडीसारखा मळ लाकडी टूथपिकने निघतो, सुईने नको. चेंबरमध्ये सॉल्व्हंटचा एक थेंब लावलेला ब्राँझ ब्रश मागच्या बाजूने घालून चार-पाच फेऱ्या, मग कोरडा पॅच. चेंबर कोरडं राहिलं पाहिजे; तेलकट चेंबरमध्ये पुंगळी भिंतीला धरत नाही आणि बोल्टवर जास्त जोर येतो. नळी दर वेळी घासायची गरज नाही. बोल्टच्या दोन्ही रुळांवर एकेक थेंब तेल, बोट फिरवून जास्तीचं पुसून टाका.

त्यानंतर त्याच लॉटचे ५० राऊंड, वहीत नोंद करत. चाललं तर उत्तर मिळालं. नाही तर स्टँडर्ड व्हेलॉसिटीचा दुसरा लॉट किंवा दुसरा ब्रँड, पुन्हा ५०. हाय व्हेलॉसिटीची काडतुसं ‘जोर वाढेल’ म्हणून आणू नका. मॅच पिस्तुलाचा बोल्ट आणि त्याचा धक्का झेलणारा बफर त्या दणक्यासाठी नसतो. तरीही अडलं तर रिकॉइल स्प्रिंग काढा आणि नवीन स्प्रिंगशेजारी टेबलावर उभी करा. उंचीत दोन-तीन वेटोळ्यांचा फरक दिसला तर बदला. कंपनीच्या पुस्तिकेत राऊंडांचा आकडा दिलेला असेल तर तो पाळा. काही कंपन्या वेगवेगळ्या जोराच्या दोन स्प्रिंगा देतात. कमी जोराच्या काडतुसांना मऊ, हे लक्षात ठेवून निवडा.

न उडालेली काडतुसं कचऱ्यात टाकू नका आणि खिशातून घरीही नेऊ नका. रेंज ऑफिसरकडे द्या आणि क्लबच्या नोंदवहीत वजावट करून घ्या. परवान्यावरच्या हिशोबात पाच राऊंड कमी-जास्त दिसले की पुढच्या खरेदीच्या वेळी त्रास तुम्हालाच.

स्पर्धा जवळ असेल तर सुटे भाग बदलण्याची घाई आदल्या आठवड्यात करू नका. बदललेल्या प्रत्येक भागानंतर किमान २०० राऊंड बिनतक्रार गेले पाहिजेत. टोकियोत २५ जुलै २०२१ ला मनू भाकरचं १० मीटर एअर पिस्तूल पात्रता फेरीच्या मध्येच बिघडलं, दुरुस्ती होईपर्यंत घड्याळ चालूच राहिलं आणि ५७५ गुणांवर तिचं स्थान १२ वं आलं. तिथे तर सगळी सोय हाताशी होती. तुमच्या पेटीत फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर, त्याची बारीक स्प्रिंग, रिकॉइल स्प्रिंग, एक तपासलेलं जादा मॅगझीन आणि योग्य मापाच्या ॲलन की असू द्या. एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग भाताच्या शिताएवढी असते आणि काढताना उडते. ती बदलायचं काम पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून करा.